मोरेश्वररावांनी दिलेली हूल

मोरेश्वरराव शेडग्यांना एका जागी पाच मिनिटं स्वस्थ बसलेलं अमेरिकेतल्या अख्ख्या अ‍ॅशबर्न गावात कुणी पाहिलं असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. मराठी मंडळाच्या गणपतीत सगळे हात जोडून आरती म्हणताहेत आणि हा गृहस्थ मागे चपलांच्या ढिगापाशी येरझाऱ्या घालतोय. जेवायला बसला तरी आमटी आणि भात यांच्यामध्ये एकदा उठून खिडकीशी जाऊन येणार. बातम्या तर उभ्यानेच बघायच्या, असा नेमच. त्यांच्या पत्नी अहिल्याबाई वैतागून म्हणायच्या, "अहो, जरा बूड टेका! कार्पेट झिजलं, तुम्ही काही झिजत नाही." मग बिचारे बसायचे. बाईंची पाठ वळली की पुन्हा उभे.

माणूस मात्र सज्जन, कामसू आणि हिशेबाला चोख. व्हर्जिनियाच्या रस्ते खात्यात बत्तीस वर्षं पूल बांधण्यात घालवली आणि २००३ साली निवृत्त झाले. कुठल्याही ओढ्यापाशी गाडी थांबली की रुंदी, खोली, काठाची माती, सगळं नजरेने मोजून मोकळे. मंडळातली पुण्या-नागपूरची आयटीवाली पोरं त्यांना ब्रिज काका म्हणायची. काकांना पुलांचं वेड एका नदीपायी लागलं होतं, हे त्या पोरांना कुठून ठाऊक असणार!

ती नदी उत्तर इटलीतली. शेडग्यांच्या घरात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. तिला म्हणायचं 'आपली नदी'. १९४५ च्या वसंतात, दुसरं महायुद्ध युरोपात संपायला जेमतेम महिना उरला असताना, तिच्या काठावर मराठा पलटणीतले हवालदार गणपतराव शेडगे मारले गेले. हे मोरेश्वररावांचे वडील. मोरगावच्या गणपतीला नवस बोलून झालेला हा एकुलता एक मुलगा तेव्हा साताऱ्याजवळच्या गावात पाच वर्षांचा होता. वडिलांचा चेहरा त्याला आठवत नव्हता.

पोरगा मॅट्रिक झाला, त्या दिवशी आईने ट्रंकेतून सरकारी कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. म्हणाली, "आता तुला विंग्रजी येतंय न्हवं? मग वाचून सांग मला, तुझा बा कशापायी गेला." त्याने वाचून दाखवला. कागदात तारीख होती, पलटणीचं नाव होतं, विलायतेच्या राजेसाहेबांचं दुःखही होतं. कशापायी, ते कुठेच नव्हतं. माउली सत्त्याहत्तर साली गेली, तोवर लेकाकडे उत्तर नव्हतं. एवढा शिकला, सातासमुद्रापलीकडे गेला, आणि आईच्या एका प्रश्नाला उत्तर देऊ शकला नाही, हे त्याला आतून पोखरत राहिलं. त्याच्या पायांना स्वस्थता नव्हती ती यामुळे. अहिल्याबाईंना वाटायचं, पोटात जंत आहेत.

अ‍ॅशबर्नच्या घराचं तळघर त्या युद्धाने व्यापलेलं होतं. टेबल टेनिसच्या टेबलावर प्लॅस्टरचे डोंगर, निळ्या लोकरीची नदी, लाकडी ठोकळ्यांच्या पलटणी. जर्मन करडे, आपले तांबडे. भिंतीवर नकाशे, नकाशांवर पेन्सिलीचे बाण. आणि या टेबलाशी स्टुलावर उभी राहून वाढली ती त्यांची लेक अनया. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर झालेली, तीही एकुलती. बाप तिच्याशी जर्मन होऊन खेळायचा. दहा वर्षांची असताना ती म्हणाली, "बाबा, तुमचा दारूगोळा या रस्त्याने येणार ना? मग मी तुमच्या पलटणीला कशाला हात लावू? मी रस्ताच बंद करते." आणि केलान की! मोरेश्वरराव आठवडाभर ज्याला त्याला ही गोष्ट सांगत सुटले होते.

पुढे अनयाने इंजिनिअरिंगच्या कॉलेजात असतानाच लष्कराचं प्रशिक्षण घेतलं आणि अमेरिकन सैन्यात अधिकारी झाली. मंडळात कुजबुज झाली. "पोरीला कुठे पाठवलंय हो?" असं बायका अहिल्याबाईंना विचारायच्या. मोरेश्वररावांची छाती मात्र फुगली होती. तेव्हा शांतता होती. दोन वर्षांत न्यूयॉर्कचे मनोरे पडले, मग अफगाणिस्तान, मग इराक, आणि फुगलेल्या छातीतली हवा जी गेली ती परत आली नाही. अनया वाहतुकीच्या आखणीत होती: कुठला ताफा कुठल्या रस्त्याने, किती वाजता, पुढे कोण, मागे कोण. काम व्हर्जिनियातच, घरापासून तासाभरावरच्या तळावर. तेवढ्यावर बाप जीव धरून होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी दर मंगळवारी मेरीलँडमधल्या सरकारी अभिलेखागारात जायला सुरुवात केली. दोस्तराष्ट्रांच्या सेनाकचेरीचे कागद तिथे खोक्यांनी आहेत. पांढरे हातमोजे, पेन्सिल, वही. एक वर्ष ते खोकी उपसत होते. आणि २००४ च्या मार्चमध्ये एका खोक्यात त्यांना 'आपल्या नदी'वरच्या हल्ल्याची मूळ आखणी सापडली.

दोन बाण होते. मोठा बाण वरच्या अंगाला, तीन मैलांवर. तिथून दोन ब्रिगेड गुपचूप पार होणार. लहान बाण खालच्या वळणावर, आणि तो तुटक रेघेचा. जर्मनांनी तिकडेच बघत बसावं म्हणून एका कंपनीने तिथे होड्या ओढत काठावर आणायच्या, धूर सोडायचा, आरडाओरडा करायचा, निम्म्या पाण्यात उतरायचं आणि परत फिरायचं. नदी ओलांडायचीच नव्हती! ती कंपनी गणपतरावांची. तिच्यापुढच्या रकान्यात टाइप केलं होतं: 'हानी अपेक्षित. स्वीकारार्ह.' आणि खाली सहीऐवजी दोन अक्षरं, जे. एम.

आईला कशापायी हवं होतं ना? हे घ्या! हूल द्यायला. मोरेश्वरराव असे ताडकन उठले की खुर्ची मागे आपटली आणि पहारेकरी धावत आला. त्या दिवशी त्यांनी पार्किंगच्या किती फेऱ्या मारल्या त्यांनाच माहीत. घरी आले ते लालबुंद होऊन. पुढची अडीच वर्षं त्यांनी एकच ध्यास घेतला: हा जे. एम. कोण, ते शोधायचं. इंग्लंडला पत्रं गेली, पलटणींच्या जुन्या संघटनांना ईमेल गेले. "खुर्चीत बसून रेघ मारली हरामखोराने," ते म्हणायचे. "दुसऱ्याच्या बापाच्या अंगावरून रेघ मारली. स्वतःचा भाऊ असता त्या कंपनीत, तर मारली असती काय?"

अनयाला त्यांनी ती आखणी दाखवली. ती टेबलावर ओणवी होऊन बघत राहिली आणि म्हणाली, "इट्स अ गुड प्लॅन, बाबा."

"काय?"

"वर्क झाला ना. दोन ब्रिगेड पार गेल्या, जवळजवळ कुणी न जाता."

"अगं, तुझा आजोबा मेला त्यात!"

"आय नो." तिने त्यांचा हात धरला. "पण दुसरा बाण कुणाच्या तरी वाट्याला येतोच. तो कुणाच्या वाट्याला द्यायचा, हे ठरवणाऱ्याला झोप लागत असेल असं तुम्हाला वाटतं का?"

मोरेश्वररावांनी हात सोडवून घेतला. त्यांना तिचं बोलणं बिलकुल पटलं नाही.

२००६ चा डिसेंबर. शनिवारी दुपारी अनया जेवायला आली. अहिल्याबाईंनी भरली वांगी केली होती. दुसरी पोळी घेता घेता तिने सांगितलं, "मला ऑर्डर आलीय. फेब्रुवारीत बगदाद. एक वर्ष." अहिल्याबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. इराकमध्ये तेव्हा रोजच्या बातम्यांत रस्त्यावर पेरलेले बॉम्ब होते, आणि अनयाचं काम रस्त्यांवरचं. नुसतं कागदावर नाही. आखलेल्या ताफ्याबरोबर जायचंसुद्धा.

मोरेश्वरराव उठून तळघरात गेले. टेबलाभोवती फिरत राहिले. बापाला हुलीसाठी खर्ची घातलं, आता लेकीलाही कुणीतरी रेघ मारून पाठवणार? छे! कदापि नाही! या माणसाने आयुष्यभर लढायांचा अभ्यास केला होता. त्याने त्याच दुपारी स्वतःची लढाई आखायला घेतली. उद्दिष्ट एकच: पोरगी घरी राहिली पाहिजे. समोरून हल्ला करून उपयोग नाही, कारण 'जाऊ नकोस' म्हटलं तर ती नक्की जाणार. रक्त शेडग्यांचं आहे. मग बाजूने.

दोन दिवस इंटरनेटवर लष्कराचे नियम चाळल्यावर त्यांना वाट सापडली. आई किंवा वडील गंभीर आजारी असतील आणि बघायला दुसरं मूल नसेल, तर अधिकाऱ्याला सहा महिन्यांची मुदत मागता येते. डॉक्टरचं पत्र लागतं.

आता 'मेडिकल टाकणं' म्हणजे काय, हे आपल्या माणसाला समजावायला नको. मेहुणीचं लग्न निघालं, टाका मेडिकल. बदली टाळायचीय, टाका मेडिकल. ओळखीचा डॉक्टर असतोच, त्याचं लेटरहेड असतंच, आणि विषमज्वर लिहिताना त्याचा हात कधी अडखळत नाही. साहेबालाही सगळं ठाऊक असतं. तो गालातल्या गालात हसतो आणि सही करतो. कुणाचं काही बिघडत नाही. मोरेश्वररावांनी अमेरिकेत चाळीस वर्षं प्रत्येक फॉर्म खरा भरला होता. पण लेकीवर बेतलं आणि अमेरिकेला येण्याआधीच्या, पुण्याच्या बांधकाम खात्यातल्या नोकरीतली ती जुनी सवय वर आली.

डॉक्टर हेमचंद्र देशकर म्हणजे त्यांचा जुना दोस्त. मूळचा नागपूरचा, हृदयरोगाचा तज्ज्ञ, अजूनही आठवड्यातून दोन दिवस दवाखान्यात जाणारा. चढ चढताना मोरेश्वररावांच्या छातीत वर्षभर जरा आवळल्यासारखं व्हायचं, त्यावर गोळ्या त्यानेच दिल्या होत्या.

"काहून रे, उभाच राहणार का? बस ना," हेमचंद्र म्हणाला.

"एक चिठ्ठी हवीय. माझ्या छातीची. जरा वाढवून लिही."

हेमचंद्रने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मोऱ्या, हे काय नागपूरचं मुन्सिपालटीचं ऑफिस आहे का? इथे लिहिलं ते खरं धरतात."

"धरू दे की! तुझ्या ईशानला उद्या बगदादची ऑर्डर आली तर तू काय करशील?"

हेमचंद्रचा मुलगा ईशान दूर पश्चिमेला बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये होता, त्याला कुठून ऑर्डर येणार! पण प्रश्न बरोबर जिथे लागायचा तिथे लागला. चार दिवसांनी पत्र आलं. त्यात धादांत खोटं एकही वाक्य नव्हतं. फक्त प्रत्येक वाक्य जागचं उचलून चार पायऱ्या खाली नेऊन ठेवलं होतं. 'आजार झपाट्याने बळावण्याची शक्यता', 'सतत देखरेख आवश्यक', 'मानसिक ताण धोकादायक'.

आणि मग मोरेश्वररावांनी नाटक वठवलं. काय सांगायचं! येरझाऱ्या घालणारा माणूस सोफ्यावर पडून राहायला लागला. जिन्यात मध्येच थांबून कठडा धरायचा. अहिल्याबाई घाबरून रडायच्या, आणि त्यांचं रडणं खरं असल्यामुळे अनयाला शंका यायला जागाच उरली नाही. शत्रूला फसवायचं तर आधी आपल्या माणसांना अंधारात ठेवावं लागतं, हे त्यांनी कागदांत वाचलं होतं. बायकोच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांना स्वतःची लाज वाटायची. पण अनयाने गाडीची किल्ली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "आजपासून मी ड्राइव्ह करणार. मी अर्ज केलाय, बाबा. मी थांबते," तेव्हा लाज पार पळाली. त्या रात्री ते कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले.

लष्कराने पत्र शब्दशः खरं धरलं. कुणी गालातल्या गालात हसलं नाही. तीन आठवड्यांत मुदत मिळाली आणि अनयाच्या जागी कॅप्टन ग्रेग हॅलोरनचं नाव लागलं. जागा रिकामी राहत नसते. मोरेश्वररावांना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? तळघरात एक ठोकळा उचलला की दुसरा ठेवावाच लागतो. पण त्यांनी त्याचा विचार करायचं टाळलं.

ग्रेग निघण्यापूर्वी एकदा घरी आला, अनयाकडून कामाच्या फायली समजून घ्यायला. तिशीतला, लाल केसांचा, पेनसिल्व्हेनियाच्या कुठल्याशा गावचा, मोठ्याने हसणारा पोरगा. अहिल्याबाईंनी पुरणपोळी वाढली तर तीन खाल्ल्या आणि चौथी बायकोसाठी मागून घेतली. जाताना त्याने सोफ्यावरच्या मोरेश्वररावांचा हात हातात घेतला, अगदी जपून, आजारी माणसाचा घेतात तसा. म्हणाला, "काळजी करू नका सर. अनयाने इथे असायला हवं. मी घेतो सांभाळून."

मोरेश्वररावांना त्याच्या डोळ्यांत बघता आलं नाही. ग्रेग गेल्यावर ते उठले, फिरायला लागले, मग आठवण झाली आणि पुन्हा आडवे झाले.

मार्च गेला, एप्रिल गेला. मोरेश्वररावांची 'तब्येत' हळूहळू सुधारायला लागली. आता मुदत संपेपर्यंत आणखी काहीतरी बघू, असा त्यांचा बेत होता. पण मन थाऱ्यावर नव्हतं. बगदादमध्ये ताफ्यावर हल्ला अशी बातमी आली की ते टीव्हीच्या इतक्या जवळ जायचे की अहिल्याबाई ओरडायच्या. लेक स्वयंपाकघरात भाजी चिरतेय हे दिसत असूनही त्यांचा जीव वरखाली व्हायचा. कुणासाठी, ते त्यांनी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात अनया दुपारीच घरी आली. गणवेशातच. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि जमिनीवर बसली. "ग्रेग गेला," म्हणाली. "पुलाच्या खाली बॉम्ब होता. पहिल्या गाडीत होता तो."

अंत्यविधी पेनसिल्व्हेनियात होता. अनयाने वडिलांना सोबत चला म्हटलं, आणि नाही म्हणण्यासारखं कारण त्यांच्याकडे नव्हतं. ते तर बरे होत आले होते ना! गाडी तिने चालवली. चर्चमध्ये झेंडा गुंडाळलेली पेटी, पुढच्या बाकावर ग्रेगची बायको केटी आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांची पोर. पोर सारखी विचारत होती की आता घरी जायचं का.

विधी झाल्यावर केटी एकेकाला भेटत होती. अनयाने वडिलांची ओळख करून दिली. केटीने त्यांचे दोन्ही हात धरले. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. म्हणाली, "तुमचं हार्ट कसं आहे आता? ग्रेगने सांगितलं होतं मला. आम्ही दर रविवारी इथे तुमच्यासाठी प्रार्थना करायचो. तुम्ही बरे दिसताय. बरं वाटलं बघून."

तीन वर्षं ज्या जे. एम. ला ते शिव्या घालत आले, त्याला निदान मेलेल्याच्या बायकोने असे हात धरून विचारलं नव्हतं. या बाईचा नवरा त्यांनी पाठवला होता. सोफ्यावर पडून, खोटं कण्हून, आपल्या हाताने तुटक रेघ मारून पाठवला होता. आणि ती त्यांच्या प्रकृतीची चौकशी करत होती!

परतीच्या वाटेवर महामार्गालगत एक विश्रांतीची जागा लागली. "थांबव," ते म्हणाले. अनयाला वाटलं, छातीत दुखतंय. तिने घाईघाईने गाडी बाजूला घेतली आणि त्यांचं मनगट धरून नाडी बघायला लागली.

"मला काही झालेलं नाही," मोरेश्वरराव म्हणाले. "तेव्हाही झालं नव्हतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. हेमचंद्रची चिठ्ठी, जिन्यातला कठडा, सगळं. अनयाने मनगट सोडलं. ती रडली नाही, ओरडली नाही. सरळ समोर बघत तिने एकामागून एक प्रश्न विचारले, चौकशी समितीत विचारतात तसे. हेमचंद्र काकांना कुठल्या तारखेला भेटलात? पत्रातलं कुठलं वाक्य तुम्ही सांगितलंत? आईला माहीत होतं? नाही? नक्की नाही? त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं.

"मी आत्ता मागे जातो," ते म्हणाले. "केटीच्या पाया पडतो. तिला सांगतो."

"नाही." तिचा आवाज कधी नव्हे इतका थंड होता. "तिला तुम्ही काहीही सांगायचं नाही. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिच्या डोक्यावर हे टाकायचं नाही. हे तुम्ही ठेवायचं, बाबा. आणि मी."

दुसऱ्या दिवशी तिने वरिष्ठांना कळवलं की घरची अडचण संपली आहे, पुढच्या तुकडीबरोबर मला पाठवा. ती तुकडी ऑक्टोबरात निघणार होती. चिठ्ठीचं तिने वर सांगितलं की नाही, ते मोरेश्वररावांना कधी कळलं नाही, आणि विचारायची त्यांची हिंमत नव्हती. अहिल्याबाईंना मात्र त्यांनीच सांगितलं. "मी देव पाण्यात घातले होते तुमच्यासाठी," एवढंच बाई म्हणाल्या आणि त्या दिवसापासून त्यांच्या येण्या-जाण्याबद्दल, उठण्या-बसण्याबद्दल बोलायच्या बंद झाल्या. घरात कुणी बूड टेका म्हणणारं उरलं नाही.

पाच महिने अनया तळावरून आईला फोन करायची. बापाशी कामापुरतं: आईला द्या, गाडीचं टायर बघून घ्या, ठेवते. तळघराचं दार मोरेश्वररावांनी बंद केलं. इंग्लंडहून एका संघटनेचं उत्तर आलं की जे. एम. अक्षरांचे तीन अधिकारी सापडले आहेत, हवे असल्यास पत्ते पाठवू. त्यांनी आभार मानले आणि पत्ते नकोत म्हणून कळवलं.

सप्टेंबरात एक दिवस ते घराबाहेरच्या चढावर फिरत होते आणि छातीत आवळलं. नेहमीसारखं नव्हे, डाव्या हातात उतरलं, जबड्यात गेलं, घामाने सदरा भिजला. टपालपेटीला टेकून ते पाच मिनिटं उभे राहिले. मग कुणाला न सांगता हेमचंद्रकडे गेले. तपासण्या झाल्या. हेमचंद्रने खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली.

"दोन नळ्या जवळजवळ बंद आहेत, मोऱ्या. बायपास लागते. याच आठवड्यात."

"अकरा ऑक्टोबरनंतर."

"वेडा झाला का बे तू? महिनाभर?"

"अकराला अनया निघतेय."

हेमचंद्रच्या लक्षात आलं. तो उठून दार लावून आला. "सांग तिला. या वेळी मी चिठ्ठी खरी लिहितो. शब्द न् शब्द खरा."

"म्हणूनच लिहू नकोस," मोरेश्वरराव म्हणाले. "ती थांबेल. आणि पुन्हा कुणाचं तरी नाव लागेल." ते खुर्चीतून उठले. "अहिल्याला कळवू नकोस. तिला कळलं की अनयाला कळलंच. शपथ घे."

हेमचंद्रने शपथ घेतली नाही, पण सांगितलंही नाही. गोळ्या वाढवल्या, जिभेखाली ठेवायची एक बाटली दिली आणि रोज दोनदा फोन करायला लागला.

अकरा तारखेला सकाळी तळावरच्या मोठ्या सभागृहात शे-दीडशे कुटुंबं जमली होती. पोरं रडत होती, कुणी फोटो काढत होतं. गणवेशातल्या अनयाच्या हातावर अहिल्याबाईंनी डबीतलं दही-साखर ठेवलं, तिचा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळला आणि कडाकडा बोटं मोडली. मोरेश्वरराव दोन पावलं मागे उभे होते. गाडीतून सभागृहापर्यंत चालण्याने त्यांच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं. गोळी मघाशीच जिभेखाली ठेवली होती, ती विरघळत होती.

नावं पुकारायला सुरुवात झाली. अनयाने पिशवी खांद्याला लावली. निघाली, आणि वळून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, छाती कशी आहे?"

पाच महिन्यांत तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यांना वाटलं, सांगावं. लेकीला सगळं सांगून टाकावं, तिच्या खांद्यावर डोकं टेकावं. डाव्या हाताची बोटं बधिर झाली होती, ती त्यांनी कोटाच्या खिशात घातली.

"ठणठणीत," ते म्हणाले. "हेमचंद्रने परवाच तपासलं. म्हणाला, अजून वीस वर्षं बघायला नको."

"खरं सांगा. या वेळी खरं."

"खरंच गं, राणी."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, नकाशाकडे बघायची तशी, एकेक रेघ तपासत. त्यांनी नजर हलू दिली नाही. मग तिचे खांदे सैल पडले. पिशवी खाली टाकून तिने त्यांना घट्ट मिठी मारली, डोकं त्यांच्या छातीवर दाबलं, आणि त्यांनी कळ बाहेर पडू नये म्हणून दात आवळून धरले.

"आय बिलीव्ह यू, बाबा," ती म्हणाली.